दारू, गाडी आणि डॉक्टर : ‘तीस मिलिग्रॅम’ आले कुठून?

गटारी जवळ आली किंवा थर्टी फर्स्टची कुजबुज सुरू झाली की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. रक्तदाबाच्या गोळ्या लिहून झालेल्या असतात, पेशंट उठलेला असतो, आणि दाराशी थांबून हळूच विचारतो, “डॉक्टर, किती घेतली तर चालते? म्हणजे... गाडी चालवायला?” हल्ली हाच प्रश्न आईवडील मुलांच्या वतीने विचारतात. मुलगा नुकताच अठरा पूर्ण झालेला असतो, कल्याणच्या आरटीओतून लर्निंग लायसन्स आलेलं असतं, आणि येऊर किंवा कर्जतच्या फार्महाऊसवर मित्रांचा बेत ठरलेला असतो.

याचं वैद्यकीय उत्तर एका शब्दाचं आहे: शून्य. कायद्याचं उत्तर मात्र आकड्यात आहे. १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर गुन्हा. हा आकडा कुठून आला, आणि त्यात आम्हा डॉक्टरांचा हात कसा लागला, ही गोष्ट आपल्या मुंबई राज्यातच घडलेली आहे. ती फारशी कुणाला ठाऊक नाही, म्हणून आज जरा सविस्तर सांगतो.

सुरुवात एका डॉक्टरापासूनच होते. १९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं. त्यात आरोग्य आणि अबकारी ही दोन्ही खाती डॉ. गिल्डर यांच्याकडे होती. हे गृहस्थ नावाजलेले हृदयरोगतज्ज्ञ, गांधीजींना तपासणाऱ्यांपैकी एक. अबकारी म्हणजे दारूच्या करातून येणारा पैसा. तो गोळा करणारं खातं आणि लोकांचं आरोग्य सांभाळणारं खातं एकाच माणसाकडे, तेही डॉक्टरकडे! १ ऑगस्ट १९३९ रोजी त्यांनी मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. पुढे महायुद्ध सुरू झालं, नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो प्रयोग अर्धवट राहिला.

त्याच वर्षी, म्हणजे १९३९ सालीच, देशाचा मोटार वाहन कायदा झाला. अठरा वर्षांखालच्या कुणीही सार्वजनिक जागी मोटार चालवू नये, हे त्यात स्पष्ट लिहिलं होतं. दारूबद्दलही कलम होतं, पण त्यात आकडा नव्हता. गाडीवर ताबा ठेवता येणार नाही इतका माणूस अमलाखाली असला तर गुन्हा, एवढंच. आता ‘ताबा ठेवता येणार नाही’ हे ठरवायचं कुणी आणि कसं? पोलिसाने नाकाने, डॉक्टरने डोळ्यांनी.

जगात तेव्हा हीच रीत होती. दारू पिऊन मोटार चालवल्याबद्दल शिक्षा झालेला जगातला पहिला माणूस म्हणून लंडनच्या एका टॅक्सीवाल्याचं नाव घेतात. १८९७ साली त्याने आपली विजेवर चालणारी टॅक्सी न्यू बाँड स्ट्रीटवरच्या एका इमारतीवर नेऊन आदळली होती. (हो, विजेवर. इलेक्ट्रिक गाड्या आत्ताच्या नाहीत.) त्याने स्वतःच कबूल केलं, म्हणून काम सोपं झालं. कबूल न करणाऱ्यांसाठी मोजमाप हवं होतं, आणि ते दिलं स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या एरिक विडमार्क या शास्त्रज्ञाने. बोटाच्या टोकातून घेतलेल्या थोड्याशा रक्तात अल्कोहोल मोजायची पद्धत त्याने १९२२ मध्ये मांडली. माणसाचं वजन आणि त्याने प्यायलेली दारू यांवरून रक्तातलं प्रमाण काढायचं सूत्रही त्याचंच. ते आम्ही आजही न्यायवैद्यकशास्त्रात शिकतो. १९३६ साली नॉर्वेने ५० मिलिग्रॅमची मर्यादा कायद्यात घातली. माणूस डुलतोय की नाही हा प्रश्न तिथे संपला.

आपल्याकडे तो संपायला बराच वेळ लागला.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ चा दारूबंदी कायदा केला आणि १९५० च्या एप्रिलपासून राज्यभर दारूबंदी आली. गृहखातं मोरारजी देसाईंकडे होतं, त्यामुळे अंमलबजावणी कडक होती. बलसारा नावाच्या गृहस्थांनी या कायद्याला न्यायालयात आव्हान दिलं. २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. कायदा बहुतांशी टिकला, पण अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं यांवरची बंदी टिकली नाही. म्हणजे दारू बंद, पण अल्कोहोल असलेलं टॉनिक चालेल.

चारच दिवसांनी, २९ मे १९५१ च्या रात्री, मुंबईत कुलाबा कॉजवेच्या बाजूला एका जीपने रस्त्यावरच्या तिघांना उडवलं. जीप चालवणाऱ्याच्या तोंडाला अल्कोहोलचा वास येत होता. त्याला सेंट जॉर्ज हॉस्पिटलमध्ये नेलं. हा चालक कोण असावा? मुंबई विभागाचे तेव्हाचे हंगामी रिजनल ट्रान्सपोर्ट ऑफिसर. लोकांना लायसन्स देणाऱ्या खात्याचे साहेब!

पुढचं वाचताना माझ्यातला डॉक्टर जागा होतो. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी त्यांना तपासलं. तोंडाला वास होता, डोळे लाल होते. पण बाहुल्या प्रकाशाला प्रतिसाद देत होत्या, बोलणं सुसंगत होतं, सरळ रेषेत चालता येत होतं. डॉक्टरांचं मत असं पडलं की यांनी कोणत्या तरी स्वरूपात अल्कोहोल घेतलेलं आहे, पण ते अमलाखाली वाटत नाहीत. महाराष्ट्रात कॅज्युअल्टीत काम केलेल्या प्रत्येक डॉक्टरला हे वाक्य पाठ असेल. मीही इंटर्न असताना रात्रपाळीत ते लिहिलेलं आहे: ‘अल्कोहोल घेतले आहे, परंतु अमलाखाली नाही’.

साहेबांनी न्यायालयात सांगितलं की मी दारू प्यायलो नव्हतो, बी. जी. फॉस नावाचं टॉनिक घेतलं होतं. त्या टॉनिकमध्ये १७ टक्के अल्कोहोल होतं. बिअरच्या दुपटीहून जास्त आणि औषधाच्या दुकानात राजरोस मिळणारं. मॅजिस्ट्रेटने त्यांना सोडलं. हायकोर्टाने बेदरकार गाडी चालवल्याच्या आरोपातून सोडलं, पण दारूबंदी कायद्याखाली एक महिना सक्तमजुरी आणि पाचशे रुपये दंड ठोठावला. सर्वोच्च न्यायालयात बराच खल होऊन १९५४ मध्ये ती शिक्षा रद्द झाली. तर्क असा, की काही प्रकारचं अल्कोहोल घेणं कायदेशीर असताना, पोटात गेलेलं अल्कोहोल बेकायदा प्रकारचंच होतं हे सरकारने सिद्ध करायला हवं. बेहराम खुर्शीद पेसिकाका विरुद्ध मुंबई राज्य या नावाने हा खटला वकिलांना माहीत असतो, पण तो घटनेतल्या मूलभूत हक्कांच्या चर्चेसाठी. रस्त्यावर पडलेल्या तिघांची आठवण त्या चर्चेत फारशी निघत नाही. मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. ‘नुसता वास’ आणि ‘नुसतं मत’ यांवर खटला उभा राहत नाही, हे तेव्हा उघड झालं.

मग सरकारने आकडा आणला. १९५९ मध्ये मुंबईच्या दारूबंदी कायद्यात दुरुस्ती झाली. रक्तात ०.०५ टक्के, म्हणजे १०० मिलिलीटरला ५० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त अल्कोहोल सापडलं, तर ते औषधातून आलं होतं हे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर आली. आणि रक्त कसं घ्यायचं, याचे नियमही त्याच वर्षी निघाले.

हे नियम वाचण्यासारखे आहेत. रक्त नोंदणीकृत डॉक्टरनेच घ्यायचं. सिरिंज उकळत्या पाण्यात निर्जंतुक करायची. कातडी स्पिरिटने पुसायची नाही, निर्जंतुक पाण्याच्या बोळ्याने पुसायची, कारण स्पिरिट म्हणजे अल्कोहोल आणि तेच नमुन्यात शिरायचं. शिरेतलं रक्त किमान ५ सीसी. ते गोठू नये आणि नासू नये म्हणून रसायन घातलेल्या कुपीत घालून कुपी जोराने हलवायची. मग लेबल, मग लाखेचं सील आणि त्यावर डॉक्टरचा शिक्का. नमुना सात दिवसांच्या आत प्रयोगशाळेकडे पाठवायचा. यातला एखादा दुवा निसटला म्हणून पुढे कितीतरी आरोपी सुटले. तरुण डॉक्टरांना ही सगळी कटकट वाटते. पण एका बाजूला कुणाचं तरी स्वातंत्र्य आणि दुसऱ्या बाजूला कुणाचा तरी जीव असताना, मधल्या एवढ्याशा काचेच्या कुपीवर भरवसा ठेवायचा, तर इतकी काळजी हवीच.

गंमत अशी, की हे सगळं झालं ते दारूबंदीसाठी, गाडी चालवणाऱ्यांसाठी नव्हे. ड्रायव्हरांचा कायदा अजून वेगळ्याच वाटेने चालला होता. तोवर जगात पुढचं पाऊल पडलं होतं. अमेरिकेत इंडियाना राज्याच्या पोलीस दलातल्या रॉबर्ट बोर्कनस्टाइन यांनी १९५४ मध्ये श्वासातून अल्कोहोल मोजणारं सुटसुटीत यंत्र बनवलं. त्यामागचं तत्त्व साधं आहे. फुप्फुसात रक्त आणि हवा यांच्यात अल्कोहोलची देवाणघेवाण ठरावीक प्रमाणात होते, म्हणून खोल श्वासातलं अल्कोहोल मोजलं की रक्तातलं काढता येतं. वेलची, बडीशेप, पेपरमिंट चघळून वास लपतो. फुप्फुसातली हवा बदलत नाही. बोर्कनस्टाइन यांनीच पुढे ग्रँड रॅपिड्स शहरात हजारो चालकांचा अभ्यास केला, अपघात झालेले आणि न झालेले दोन्ही. रक्तातलं प्रमाण वाढतं तसा अपघाताचा धोका सरळ रेषेत वाढत नाही, तो चढत्या घाटासारखा उभा होत जातो, हे त्यातून दिसलं. ब्रिटनने १९६७ मध्ये ८० मिलिग्रॅमची मर्यादा आणि श्वासचाचणी दोन्ही आणली.

आपला नवा मोटार वाहन कायदा १९८८ चा, अमलात आला १ जुलै १९८९ पासून. त्याच्या मूळ मजकुरात रक्तात अल्कोहोल ‘कितीही अल्प’ असलं तरी गुन्हा होता. १९९४ च्या दुरुस्तीने तिथे श्वासचाचणी आली आणि ३० मिलिग्रॅमचा आकडा आला. म्हणजे आपले पेशंट ज्याला ‘चालते तेवढी’ समजतात, तो आकडा सैल केलेल्या कायद्याचा आहे. तीसला सुरक्षित कुणा डॉक्टरने म्हटलेलं नाही. याच कायद्यात एक कलम वैद्यकीयदृष्ट्या फार शहाणपणाचं आहे. दारू पिऊन गाडी चालवताना पकडलेल्याची वैद्यकीय तपासणी अटकेपासून दोन तासांच्या आत व्हायला हवी, नाहीतर त्याला सोडून द्यावं लागतं. हे दोन तास का, ते पुढे येईलच.

आधी थोडा हिशेब करू. साधारण ४२ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ६० मिलीचा एक लार्ज पेग घेतला, तर पोटात सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल जातं. सत्तर किलोच्या माणसाने तो रिकाम्या पोटी घेतला तर विडमार्कच्या सूत्राने रक्तात साधारण ४० मिलिग्रॅम होतात. पन्नास किलोच्या मुलीच्या रक्तात त्याच पेगने सत्तरच्या आसपास जातात, कारण बायकांच्या शरीरात पाण्याचा अंश कमी असतो. पंचावन्न किलोच्या कॉलेजातल्या मुलाने आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची एक बाटली संपवली, तर आकडा शंभरच्या पुढे जाऊ शकतो. “फक्त बिअर घेतली होती” या वाक्याला म्हणून काही अर्थ नाही. आणि यकृत तासाला साधारण १५ मिलिग्रॅमच काढून टाकतं. ताक, लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांतल्या कशानेही तो वेग वाढत नाही.

मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. धोक्याचा अंदाज घेणारा, मोह आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. गाडीत मित्र असले की याच वयात धाडस वाढतं. त्यात गाडी चालवणं अजून अंगवळणी पडलेलं नसतं, क्लच आणि आरसा यांच्याकडेच निम्मं लक्ष गेलेलं असतं. त्यामुळे ज्या प्रमाणात चाळिशीचा माणूस जेमतेम घर गाठतो, त्याच प्रमाणात अठराचा मुलगा दुभाजकावर चढतो. (चाळिशीच्या माणसाने हे वाचून खूश होऊ नये.) सर्दीच्या काही गोळ्या आणि झोपेच्या गोळ्याही हेच करतात, आणि कलम १८५ मध्ये अमली द्रव्यांबरोबर औषधंही बसू शकतात.

आता आपल्या ठाणे-कल्याण पट्ट्याकडे येऊ. १८५३ मध्ये पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आली आणि पुढच्या वर्षी कल्याणपर्यंत. तेव्हापासून आपली गावं रुळांच्या भरवशावर वाढली. पिणारे तेव्हाही होते. पण कचेरीनंतर कुठेतरी ‘बसून’ शेवटची लोकल पकडणाऱ्याला मोटरमन घरी आणून सोडत असे, आणि स्टेशनपासून टांगा. घोड्याला वाट ठाऊक असायची. या जुन्या व्यवस्थेची थट्टा होते, पण तिच्यात रस्त्यावर माणसं मरत नव्हती.

मग दुचाकी आली. १९७२ मध्ये लुना रस्त्यावर उतरली, ५० सीसीची, सायकलला इंजिन लावल्यासारखी. आपल्या कायद्यात आजही एक सवलत आहे, की ५० सीसीपर्यंतची दुचाकी सोळाव्या वर्षी चालवता येते. “सोळाला लायसन्स मिळतं ना डॉक्टर” म्हणणारे पालक याच सवलतीबद्दल बोलत असतात. पण त्यांच्या इमारतीखाली उभी असलेली स्कूटर ११० किंवा १२५ सीसीची असते. लुनाच्या मापाचं लायसन्स घेऊन तिच्या दुपटीहून मोठं इंजिन दहावीतला मुलगा क्लासला घेऊन जातो. कायद्याच्या नजरेत तो विनापरवानाच असतो.

आणि मग चारचाकी, आणि घोडबंदर रोड, आणि कल्याण-शीळ रस्ता, जिथे दिवसभर कोंडी असते आणि रात्री एकनंतर अचानक मोकळं रान मिळतं.

१२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर एका तरुणाची मोटार फुटपाथवर चढली. तिथे रस्त्याच्या कामावरचे मजूर झोपले होते. सात जण मेले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के, म्हणजे ११२ मिलिग्रॅम अल्कोहोल निघालं. खालच्या न्यायालयाने एप्रिल २००७ मध्ये सहा महिन्यांची शिक्षा दिली, तेव्हा लोक खवळले. हायकोर्टाने त्याच वर्षी ती तीन वर्षांवर नेली आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मरण पावलेल्यांचा आकडा सात, शिक्षा तीन वर्षं. यावर मी काय बोलणार? पण एक बदल झाला. २००७ च्या जूनपासून मुंबई वाहतूक पोलिसांनी नाकाबंदी करून फुंकायला लावायची मोहीम नियमित सुरू केली. आपल्याकडे गटारी, धुळवड आणि थर्टी फर्स्टला जी नळी समोर येते, तिची सवय आपल्याला त्या काळापासून लागली.

पुण्यातल्या कल्याणीनगरची १९ मे २०२४ ची घटना सगळ्यांना आठवत असेल. चालक सतरा वर्षांचा. गाडी कोट्यवधीची आणि नोंदणीही पूर्ण न झालेली. दुचाकीवरचे दोन तरुण इंजिनिअर जागीच गेले. बाल न्याय मंडळाने तीनशे शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर जामीन दिला, त्यावर देशभर चर्चा झाली. मला मात्र निबंधापेक्षा दुसऱ्याच गोष्टीने झोप आली नाही. अपघात पहाटे अडीचच्या सुमाराचा आणि मुलाचं रक्त घेतलं गेलं ते सकाळी उशिरा, सुमारे आठ तासांनी. तासाला पंधराच्या हिशेबाने आठ तासांत १२० मिलिग्रॅम आपोआप उतरतात. म्हणून कायद्यात दोन तास लिहिलेत. पुढे रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपाखाली ससून रुग्णालयातल्या दोन डॉक्टरांना अटक झाली. खटला न्यायालयात आहे, निकाल तिथेच लागेल. पण १९५९ मध्ये ज्या कुपीवर लाखेचं सील लावायला सांगितलं, ते डॉक्टरवर विश्वास टाकून सांगितलं होतं. हा आरोप आमच्या व्यवसायावर होऊ शकला, याची लाज प्रत्येक डॉक्टरला वाटायला हवी, मग निकाल काहीही लागो.

पालकांच्या खिशाबद्दलही बोलायला हवं, कारण निम्म्या घरांत तोच मुद्दा ऐकला जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दारू पिऊन गाडी चालवल्याचा पहिला दंड दहा हजारांपर्यंत किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अठराखालच्या मुलाने विनापरवाना गाडी चालवताना गुन्हा केला, तर कलम १९९ अ प्रमाणे पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लर्निंग लायसन्स नाही. ‘त्याने किल्ली न विचारता घेतली’ हे सिद्ध करायची जबाबदारी पालकांची. विम्याचं तर विचारूच नका. परवाना नसेल तर विमा कंपनी मृताच्या घरच्यांना भरपाई देते आणि ती रक्कम पुढे गाडीमालकाकडून वसूल करू शकते. मृत जितका तरुण तितकी भरपाई मोठी, कारण पंधरा ते पंचवीस वयासाठी वार्षिक उत्पन्नाचं नुकसान अठराने गुणलं जातं. ठाण्याच्या मोटार अपघात न्यायाधिकरणात असे हिशेब रोज होतात. डोक्याला मार लागून जगलेल्यांचा हिशेब मात्र कुठेच नीट होत नाही. वीस वर्षांच्या मुलाला भरवणारी, त्याची कूस बदलणारी आई आमच्या दवाखान्यात स्वतःच्या कंबरदुखीसाठी येते, तेव्हा ते कळतं.

मग शिकवायचं कसं? न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याचं लायसन्स सुरू केलं. आधी शिकाऊ, मग मर्यादित, मग पूर्ण. मर्यादित टप्प्यात रात्री दहा ते पहाटे पाच एकट्याने चालवायचं नाही आणि मित्रांना बसवायचं नाही. नंतर अनेक देशांनी हे उचललं, कारण नवशिक्यांचे अपघात नेमके या दोन प्रसंगी होतात. आपल्याकडे हा मधला टप्पाच नाही. लर्निंग लायसन्सनंतर तीस दिवसांनी परीक्षा देता येते. ड्रायव्हिंग स्कूलच्या नियमात किमान एकवीस दिवस आणि प्रत्यक्ष दहा तास चालवणं आहे. दहा तासांत डोंबिवलीच्या घरडा सर्कलला वळायला जेमतेम येतं. अठराव्या वर्षी लायसन्ससाठी डॉक्टरचं सर्टिफिकेटही लागत नाही, मुलगा स्वतःच फॉर्म भरून ‘मी ठणठणीत’ लिहून देतो. आमची सही चाळिशीनंतर लागते.

तेव्हा मधला टप्पा घरानेच पाळावा, असं मी पालकांना सांगतो. परवाना हातात आल्यावर पहिलं वर्षभर रात्री दहानंतर एकट्याने गाडी नाही आणि मित्रांनी भरलेली गाडी नाही. पहिले काही महिने रविवारी सकाळी शेजारी बाबा किंवा आई, आणि पावसाळा एकदा तरी सोबतीने काढायचा. महाराष्ट्रात बिअर एकविसाव्या आणि व्हिस्की पंचविसाव्या वर्षापर्यंत कायद्याने वर्ज्य आहे, हेही मुलांना एकदा स्पष्ट सांगा; बहुतेकांना ते ठाऊकच नसतं. आणि तरीही रात्री बारा वाजता फोन आला, “बाबा, मी घेतलीय” किंवा “ज्याच्या गाडीत आहे त्याने घेतलीय”, तर त्या फोनवर रागवायचं नाही. कुठे आहेस विचारायचं, रिक्षा किंवा टॅक्सी पाठवायची, नाहीतर स्वतः जायचं. ज्या घरात त्या फोनवर आरडाओरडा होतो, त्या घरात दुसरा फोन येत नाही.

मोठ्यांसाठी एक हिशेब राहिला. थर्टी फर्स्टला रात्री दीड वाजता थांबताना रक्तात १७० मिलिग्रॅम असतील, जे चार-पाच पेगांत सहज होतात, तर सकाळी आठला त्यातले जेमतेम शंभर उतरलेले असतात. सत्तर उरलेले असतात. झोप झालेली असते, आंघोळ झालेली असते, डोकं थोडं जड असतं, आणि घरची मंडळी नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी टिटवाळ्याला गणपतीच्या दर्शनासाठी गाडीत बसलेली असतात. त्या दिवशी कल्याणहून कसारा लोकल घ्या.